पडद्यावरचा अरब

बुद्धप्रियानं लॅपटॉपची कळ दाबली आणि पडद्यावरचा माणूस हसता हसता थांबला. पडदा म्हणजे फळ्यावर ताणून बांधलेली पांढरी चादर. खिडक्यांना बारदाना लावला होता, तरी फटींतून शनिवारच्या सकाळचं ऊन आत येत होतं आणि त्या माणसाच्या अंगावर दोन पिवळे पट्टे पडले होते.

तो एका मोठ्या हॉटेलातल्या सोफ्यावर बसला होता. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला लाल चौकड्यांचं फडकं, त्यावर काळी चुंबळ, डोळ्यांना सोनेरी काड्यांचा चष्मा. दहाही बोटांत अंगठ्या. समोर नायकाची बहीण रडत उभी होती.

"काय काय दिसलं? एकेकानं सांगा," बुद्धप्रिया म्हणाली.

"दाढी, मॅडम."

"सोनं."

"मागं दोन बंदूकवाले."

"पोरीकडं लई वाईट बघायलाय."

"हसायलाय मॅडम," मागून अंगद म्हणाला. "कामून हसायलाय तेच कळंना. कोणी काही बोललं बी न्हाई."

वर्ग हसला. बुद्धप्रियाही हसली आणि तिनं बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या कागदावर लिहिलं, 'उगीच हसणं'. यादी आता दहा ओळींची झाली होती. त्या शेजारी दुसरा रकाना होता, 'काय दाखवलं नाही'. तो बराच वेळ कोरा राहिला. मग तिसऱ्या बाकावरच्या अयोध्यानं हात वर केला.

"त्याची आई, मॅडम. आई कधीच दाखवत न्हाईत."

"छान. आणखी?"

"घर."

"त्यो काम काय करतो ते."

"त्यो आजारी पडत न्हाई कधी," अंगद म्हणाला. "सर्दीसुद्धा न्हाई."

दहावी ब च्या वर्गात हा तिसरा शनिवार होता. पहिल्या शनिवारी मुलं नुसती खिदळली होती. आज ती बघत होती. बुद्धप्रियाला हा फरक त्यांच्या मानांवरून कळत होता. माना पुढं झुकल्या होत्या.

हे सगळं तिनं का काढलं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकलं केलं होतं. एकानं चादर गुंडाळली, डोक्याला पंचा बांधला, त्यावर सायकलच्या ट्यूबचं वेटोळं बसवलं आणि 'दहा बायका केल्या, अकरावी कुठंय' म्हणत तो स्टेजवर फिरला. पालक पोट धरून हसले. मुख्याध्यापक लक्ष्मणराव हसले. बुद्धप्रियाही हसली. पुढं लातूरला एका प्रशिक्षणात एक बाई याच विषयावर बोलल्या. सिनेमातला अरब नेहमी एकसारखाच का असतो, ते त्यांनी दाखवलं. परत येताना एस.टी.त अहमदपूर येईपर्यंत बुद्धप्रियाला आपलं ते हसणं आठवत राहिलं.

लक्ष्मणरावांनी परवानगी लगेच दिली. "घ्या की. चार शनिवार घ्या. फक्त पोर्शन मागं पडला नाही पाहिजे. आणि चौथ्या शनिवारी विस्तार अधिकारी यायचेत, त्यांना दाखवायला होईल."

तर हा तिसरा शनिवार. तास संपायला दहा मिनिटं होती आणि बुद्धप्रिया खूश होती. त्या आठवड्यात तिनं जिल्ह्याच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक वाचलं होतं. त्यातली एक गोष्ट तिला कधी सांगेन असं झालं होतं.

"अरब म्हटलं की आपल्याला वाटतं, कुठंतरी वाळवंटात राहणारा माणूस," ती म्हणाली. "पण निजामाच्या काळात आपल्या या भागात गढीगढीवर अरब शिपाई होते. अरबस्तानातून आले, इथंच राहिले. इथंच त्यांची लग्नं झाली, इथलीच भाषा ते बोलायला लागले. त्या घरांना आज आपण चाऊस म्हणतो."

सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडं वळल्या. तिथं अयोध्याच्या शेजारी सालेहा चाऊस बसली होती.

"सालेहा, उभी राहा बाळ. सांग बरं, तुमचे पूर्वज कुठून आले?"

सालेहा उभी राहिली. ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मॅडम, आम्ही शिरूरचे."

वर्ग हसला. सालेहाला वाटलं, कुठलं शिरूर ते कळलं नसावं.

"शिरूर अनंतपाळ न्हाई मॅडम. शिरूर ताजबंद."

आता सगळेच हसले. बुद्धप्रियालाही हसू आवरलं नाही. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं असं तिला तेव्हा वाटलं.

"त्याच्याही आधी गं. दोनशे वर्षांपूर्वी. म्हणजे बघा मुलांनो, जिच्याबरोबर तुम्ही पाचवीपासून डबा खाता, ती सालेहा अरब आहे. आहे का ती या पडद्यावरच्या माणसासारखी?"

"न्हाई मॅडम!" वर्ग एका सुरात म्हणाला.

शिकवणाऱ्याला वर्षातून एखाददुसऱ्या वेळी असं वाटतं, की आपण म्हणतोय ते समोर पोचलं. बुद्धप्रियाला तसं वाटलं. तिनं गृहपाठ सांगितला. ही दहा ओळींची यादी घ्यायची आणि आपल्या आजूबाजूला लावून बघायची. जाहिराती, पोस्टर, जत्रेतली सोंगं, मोबाईलवरचे विनोद. कुठं काय जुळतं ते लिहून आणायचं.

घंटा झाली. ती वायर गुंडाळत असताना दारात मुलांची गर्दी झाली होती.

"म्हंजी अवदभाई मोटारवाले अरब हायत का?" अंगद विचारत होता. "आमच्या बोअरची मोटार दोनदा त्यांनीच भरली की."

"हाव, मग."

"मंग उंट कुठं बांधलाय त्यांनी?"

पुन्हा हसणं. बुद्धप्रियानं लॅपटॉप पिशवीत घातला. बारदाना काढायला सांगायचं राहिलं, तर तिनं स्वतःच तो काढला.

सालेहा अजून उभी होती. तिला बसायला सांगायचं राहूनच गेलं होतं.

*

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर ती शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसली. मुलांनी मनापासून लिहिलं होतं. कुणाला फटाक्याच्या खोक्यावर झगेवाला सापडला होता. कुणाला अत्तराच्या जाहिरातीत. एकीनं लिहिलं होतं, 'आमच्या मामाच्या गावी पोळ्याला अरबाचं सोंग काढतात, ते लहान मुलांना पळवून नेतं असं सांगतात.' बुद्धप्रियानं तिथं लाल पेननं 'उत्तम' लिहिलं.

मग अंगदची वही आली.

अंगदचं अक्षर वळणदार होतं. डावीकडं पट्टीनं रेघ मारून त्यानं दहाही मुद्दे उतरवले होते. उजवीकडं मथळा होता, 'सालेहा चाऊस'. खाली एकेका मुद्द्यापुढं लिहिलं होतं, त्यातलं काही असं.

'दाढी: वडिलांना आहे. सोनं: कानात आहे, बारीक. झगा: शुक्रवारी काका घालतात. बंदूक: नाही, पण पणजोबांकडं तलवार होती म्हणतात. चष्मा: नाही. उंट: नाही, एक शेळी आहे. उगीच हसणं: हसते, पण कारण असतं.'

सगळ्यात शेवटी, विज्ञानाच्या प्रयोगवहीत लिहितात तसं, चौकटीत लिहिलं होतं, 'निष्कर्ष: दहापैकी चार.'

बुद्धप्रियानं ते दोनदा वाचलं. मग शिपायाला पाठवून अंगदला बोलावलं.

"हे काय रे?"

"गृहपाठ, मॅडम."

"सालेहाचं नाव का लिहिलंस?"

"तुम्हीच सांगितलं ना, ती अरब हाय म्हणून. मी यादी लावून बघितली." तो वहीवर वाकला. "लई कमी बसायलंय मॅडम. ओढूनताणून चार. बरोबर हाय ना?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यात खोडी नव्हती. तिला ती हवी होती. खोडी असती तर रागावता आलं असतं.

"आणखी कोणी लिहिलंय असं?"

अंगदनं बोटांवर मोजलं. "सहा-सात जण असतील. हरिओमचे सात आलेत, पण त्यानं आपल्या मनानंच लिहिलंय. आम्ही तर तिला विचारून लिहिलं."

"विचारून?"

"हाव, मधल्या सुट्टीत. सगळे गोल बसलो न् एकेक विचारलं. आधी सांगत होती. हसत होती बी. मंग गप बसली." त्यानं मोजायला उघडलेली बोटं मिटली. "मंग रडायली, तर आम्ही उठलो."

"ते पान फाडून दे," बुद्धप्रिया म्हणाली.

अंगदला काही कळलं नाही. पण त्यानं पट्टी लावून पान फाडलं, कडा वाकडीतिकडी होऊ दिली नाही, आणि घडी न घालता तिच्या हातात दिलं.

ती वर्गावर गेली तेव्हा तिसऱ्या बाकावर अयोध्या एकटी होती. तिनं आपला पंजा बाकावर पालथा ठेवला होता आणि ती तो उचलत नव्हती.

"सालेहा कुठाय?"

"आज आली न्हाई मॅडम. काल बी मधल्या सुट्टीतून घरी गेली."

"हात काढ."

अयोध्यानं हात काढला. बाकाच्या लाकडावर कर्कटकानं कोरलेला उंट होता. चारी पाय, मदार, मानेला घंटी. कोरणाऱ्यानं वेळ घेऊन कोरला होता.

"मी घासलं मॅडम," अयोध्या म्हणाली. "निघंना."

*

गुरुवारी सालेहाचे वडील, अवदभाई, शाळेत आले. त्यांना शाळेत सगळेच ओळखत होते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार भरायचं दुकान. जळालेली मोटार फोडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देऊन भरायची. शेतकरी मोटार उतरवून ठेवायचे आणि तिथंच बाकड्यावर चहा पीत पावसापाण्याचं बोलत बसायचे. शाळेच्या हौदावरची मोटारही त्यांनीच भरलेली.

दारात चप्पल काढून ते आत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते.

"बसा अवदभाई."

"बसतो मॅडम. दुकान पोरावर टाकून आलोय, जास्त टाईम न्हाई." ते खुर्चीच्या कडेवर बसले. "सालेहाचा बोर्डाचा फॉर्म जायचाय म्हने शनिवारी. त्याच्यात नाव दुरुस्त करायचं हाय."

"काय चुकलंय?"

"चुकलं काय न्हाई. शाळेच्या रजिस्टरवर सालेहा अवद चाऊस हाय. आधारवर नुसतं सालेहा अवद हाय. तर आधारवर हाय तसंच करायचं. तहसीलमधून प्रतिज्ञापत्र करून आनलंय. हेडसरांनी बघितलं, चालतंय म्हनले. खाली वर्गशिक्षकाची सही लागती."

त्यांनी कागद टेबलावर ठेवले. कागदांच्या कडांना ग्रीसची बोटं लागली होती.

"अवदभाई," बुद्धप्रिया म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली. मला तिला मोठेपणा द्यायचा होता."

"हाव मॅडम, ठाव हाय मला." ते मोकळेपणानं म्हणाले. "त्या शनिवारी घरी आली ती उड्याच मारत आली. अब्बा, आपन अरबस्तानातून आलोत. मला तरी कुठं माहीत होतं? आमच्या वालिदना एवढंच ठाव होतं की बुजुर्ग लोक देशमुखाच्या गढीवर पहाऱ्याला होते. सांजच्याला तिनं आमच्या अम्माला पकडून बसवलं. हे काय म्हनायचे, ते काय म्हनायचे. अम्माला एक गाना आठवला, लहानपनी ऐकलेला. मतलब तिला बी ठाव न्हाई. दोघी मिळून म्हनत होत्या." ते हसले. मग हसणं त्यांच्या तोंडावरून हळूहळू गेलं. "दोन दिवस म्हनत होत्या. सोमवारपासून ती बोलंना."

"मी वर्गाला सांगते. नीट समजावून सांगते. मुलं वाईट नाहीत."

"पोरं चांगली हायत मॅडम. अंगदचा बाप माझा दोस्त हाय. पन तुमी वर्गात बोलनार म्हंजी काय होनार? पुन्हा तिलाच उभं राहावं लागंल. तुमी नाव घेतलं न्हाई तरी सगळे तिच्याकडंच बघतील."

बुद्धप्रियानं वरचा कागद उचलून त्यातलं नाव वाचलं.

"पण नाव कशाला काढायचं, अवदभाई? तुमच्या आजोबा-पणजोबांचं नाव आहे."

"माझ्या दुकानावर हाय की. चाऊस मोटार रिवायंडिंग. ते राहील. शेतकऱ्याची मोटार जळाली की त्याला चाऊस बी चालतो न् कुनी बी चालतो. पोरीचं तसं न्हाई. तिला अकरावीला लातूरला जायचंय, हॉस्टेलला राहायचंय. तिथं नव्या पोरी, नवे सर. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव येईल तेच जन्मभर." त्यांनी टेबलावरचं पेन तिच्याकडं सरकवलं, मग बरं दिसत नाही म्हणून पुन्हा जागेवर ठेवलं. "मी लई समजावलं तिला. ती म्हनली, अब्बा, नाव तरी काढा, न्हाईतर शाळा तरी काढा. मंग मी काय करू? सांगा."

"उद्या देते सही करून."

"शनिवारी फॉर्म जानार हाय."

"उद्या नक्की देते."

ते उठले. दारात चप्पल घालताना वळून म्हणाले, "तुमच्याबद्दल मनात काय न्हाई मॅडम. तुमी चांगलंच शिकवलं."

*

कस्तुराबाई उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बुद्धप्रियाची ही आई साठी ओलांडलेली. पन्नाशीत साक्षरता वर्गाला जाऊन ती अक्षरं शिकली, आणि तेव्हापासून घरात येणारा एकही कागद न वाचता सोडत नव्हती. किराण्याची पुडीसुद्धा उलगडून वाचायची. लेकीनं पिशवी ठेवताच तिनं हात पुसले आणि वरचा कागद ओढला.

"प्र, ति, ज्ञा, पत्र," ती बोट ठेवून वाचत गेली. वाचून झालं तरी बोट तिथंच होतं. "कोन पोरगी हाय ही? नाव कामून काढायलीय?"

बुद्धप्रियानं सांगितलं. शनिवारपासूनचं सगळं सांगितलं. सांगताना ती चहा करत होती, म्हणजे आईकडं पाठ होती.

कस्तुराबाईनं दोन-चार शेंगा सोलल्या.

"तू सहावीत असताना आठ दिस शाळेत गेली न्हवतीस. आठवतंय का?"

"ताप आला होता मला."

"ताप न्हवता आला."

"माय, आला होता. तू कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस."

"पट्ट्या ठेवल्या, कारन तू डोकं दुखायलंय म्हनून पडून होतीस. अंग थंडगार होतं तुझं." कस्तुराबाई शेंगांकडंच बघत होती. "गुरुजीनं वर्गात हाळी दिली होती. समाजकल्यानच्या शिष्यवृत्तीवाले कोन कोन, उभं राहा म्हनून. तुम्ही तिघंच उभं राहिलात. त्या दिसापासून तुझ्या शेजारची पोरगी दुसऱ्या रांगंत जाऊन बसली."

चहा उतू जाऊन शेगडीवर सांडला. बुद्धप्रियानं गॅस बंद केला आणि फडकं शोधू लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

"गुरुजी चांगला मानूस होता," कस्तुराबाई म्हणाली. "त्यानंच धावपळ करून फारम भरला. पैसे मिळाले बी. घरी इचारायला आला, पोरगी कामून येईना. तू आतून मला काय म्हनलीस ठाव हाय? मला शिष्यवृत्ती नको, पर वर्गात माझं नाव घेऊ नका म्हनावं त्यांना."

बुद्धप्रियाला ताप आठवत होता. ओल्या पट्टीचं पाणी कानात जायचं, तेसुद्धा आठवत होतं. बाकीचं काहीच आठवत नव्हतं. तीस वर्षं तिनं तो ताप खरा मानला होता.

"मग मी आता काय करू माय? सही करू का नको?"

"मला काय इचारतीस बाई," कस्तुराबाई म्हणाली. "मी आत्ता कुठं वाचायला शिकले." आणि तिनं कागद पुन्हा होता तसा पिशवीत ठेवला.

*

शुक्रवारी पहिल्या तासाआधी बुद्धप्रियानं सही केली. लक्ष्मणरावांनी शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली आणि कागद लिपिकाकडं दिला. "मिटलं एकदाचं. उद्या साहेब येणारेत, तेवढं नीट होऊ द्या."

शनिवारी सालेहा आली. केसांच्या दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश, नेहमीसारखी. कानांत काही नव्हतं. ती तिसऱ्या बाकावर बसली. अयोध्यानं उंटावर आपलं दप्तर आडवं टाकून ठेवलं होतं.

बुद्धप्रियानं हजेरी घेतली. बदललेल्या नावापाशी तिचा आवाज बदलला नाही. त्यासाठी तिनं वाटेत दोन वेळा ते नाव मनात म्हणून पाहिलं होतं.

"सालेहा अवद."

"हजर, मॅडम."

कुणी मान वळवून पाहिलं नाही. अवदभाईंचं ऐकून बुद्धप्रिया त्याबद्दल वर्गात एक शब्द बोलली नव्हती. पण मुलांना काहीतरी कळलं होतं. अंगद वहीत तोंड घालून बसला होता.

विस्तार अधिकारी गुरुलिंग स्वामी मागं खुर्ची टाकून बसले, शेजारी लक्ष्मणराव. साहेब मऊ बोलणारे, कपाळावर भस्माची रेघ, पोरांकडं बघून आधी स्वतः हसणारे. बारदाना लावला, चादर ताणली, सिनेमा सुरू झाला. नायकानं झगेवाल्याच्या थोबाडीत मारली तेव्हा एकदोन मुलं हसली आणि लगेच गप्प झाली. यादी म्हणून दाखवली गेली. दोन्ही रकाने म्हणून दाखवले गेले. आई, घर, काम, आजारपण.

"वा," साहेब म्हणाले. "असलं आमच्या वेळी कोणी शिकवलं नाही. आम्ही नुसत्या शिट्ट्या मारल्या. बरं, यातून तुम्ही काय शिकलात? कोण सांगेल?"

कुणी हात वर करीना. बुद्धप्रिया दीपमालाचं नाव घेणार होती. दीपमाला धीट होती, वक्तृत्वात बक्षिसं मिळवायची. तेवढ्यात तिसऱ्या बाकावर हात वर झाला.

सालेहा उभी राहिली. ओढणीला तिनं हात लावला नाही.

"सर, सिनेमात अरब लोक नेहमी वाईट दाखवतात. पण ते लोक तसे नसतात. त्यांनाही घर असतं, आई असते. ते कष्ट करतात. ते पण आपल्यासारखीच माणसं असतात. म्हणून आपण त्यांना हसू नये."

एकही शब्द अडखळला नाही. पाठ केलेल्या कवितेसारखं ती शेवटपर्यंत बोलली. लक्ष्मणरावांनी टाळी वाजवली, मग सगळ्या वर्गानं वाजवली. अंगदची टाळी सगळ्यांत शेवटी थांबली.

"शाब्बास!" साहेब खुर्चीत पुढं सरकले. "मॅडम, हे बघा, हे खरं शिक्षण. नाव काय बाळ तुझं?"

"सालेहा अवद."

"छान. आता मला एक सांगा, सगळेच सांगा. तुमच्यापैकी कोणी खराखुरा अरब बघितलाय का कधी?"

त्यांनी सहज विचारलं होतं. अंगदनं तोंड उघडलं. अयोध्या वळून त्याच्याकडं बघत होती. त्यानं तोंड मिटलं आणि बाकाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकला. पस्तीस मुलं आणि मुली फळ्याकडं बघत होती. तिसऱ्या बाकाकडं कुणीच बघत नव्हतं.

"नाही सर," सालेहा म्हणाली. "आमच्याकडं कोणी नाहीत."

"बरोबर आहे. इथं कुठून बघायला मिळणार!" साहेब हसले आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "आणि मॅडम, तुम्ही? तुम्ही तरी बघितलाय का?"

बुद्धप्रियाचा हात लॅपटॉपवर होता. सालेहा त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. फळ्यावरचं उदाहरण सुटतंय का, एवढंच बघावं तशी ती बघत होती.

"नाही साहेब," बुद्धप्रिया म्हणाली. "मीही नाही."

सालेहा खाली बसली.